कुंडीतला जरबेरा सडतो का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नर्सरीतून फुलांनी भरलेला जरबेरा आणला, मोठ्या कुंडीत चांगला खोल लावला, रोज पाणी घातलं. तीन आठवड्यांत मधली पानं काळी पडून हातात आली. काय चुकलं? (ठाणे)

उत्तर : ‘चांगला खोल’ हेच चुकलं. जरबेराला उभं खोड नसतं. सगळी पानं आणि कळ्या मुळांच्या माथ्यावरच्या आखूड गड्ड्यातून फुटतात. पॉलिहाउसवाले त्याला क्राउन म्हणतात. तो मातीखाली गेला की पानांच्या बेचक्यात ओल साचते, बुरशी शिरते आणि रोप आतून सडतं. वरून मात्र पानं मलूल दिसतात, म्हणून आपण आणखी पाणी घालतो आणि उरलंसुरलं रोपही घालवतो.

लावताना क्राउन मातीच्या एक-दोन सेंटीमीटर वर हवा. पहिल्या दोन-तीन पाण्यांत माती बसते, तिच्याबरोबर रोपही खाली जातं. तेव्हा सुरुवातीला जरा उंचच लावा. रोप डुगडुगतंय म्हणून बुंध्याशी माती चढवू नका. मुळं धरली की ते आपोआप घट्ट होतं.

कुंडी 8 ते 10 इंचांची पुरे. फार मोठ्या कुंडीत माती दिवसेंदिवस ओलीच राहते. चार भाग लाल माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन भाग कोकोपीट आणि एक भाग भाताचं तूस असं मिश्रण करा. काळी माती अजिबात नको. पाणी सकाळी, कुंडीच्या कडेने आणि वरची इंचभर माती सुकल्यावरच. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नका.

आताचं रोप वाचेल का, ते क्राउन बोटाने दाबून पाहा. टणक असेल तर उपटा, तपकिरी मुळं छाटा आणि ताज्या मिश्रणात उंच लावा. मऊ लागला, वास आला तर रोप फेकून द्या. त्याच मातीत दुसरा जरबेरा लावू नका.

प्रश्न : नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. शेणखत वाढवूनही फरक नाही. (सोलापूर)

उत्तर : बोअरचं पाणी देत असाल. त्यातल्या क्षारांनी मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) चढतो आणि मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. जरबेराला 5.5 ते 6.5 सामू मानवतो. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं) लिटरला 1 ग्रॅम या प्रमाणात मुळाशी घाला. ईडीटीए प्रकारचं स्वस्त मिळतं, पण चढ्या सामूच्या मातीत ते फारसं टिकत नाही. गुण आला की नाही हे नव्या पानावरून ठरवा, जुन्यावरून नव्हे. जमेल तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. आधी खालची पानं सरसकट पिवळी पडत असतील तर मात्र प्रश्न नत्राचा.

प्रश्न : तीन वर्षांचं रोप आहे. पानांचं रान माजलंय, फुलं बारकी आणि मोजकी. (नाशिक)

उत्तर : एकाच कुंडीत आता चार-पाच क्राउन दाटले असतील. पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑक्टोबरात, रोप काढा आणि धारदार, स्वच्छ चाकूने विभागणी करा. प्रत्येक तुकड्याला तीन-चार पानं आणि स्वतःची मुळं हवीत. बिनमुळांचा तुकडा क्वचितच जगतो. रोज पाच-सहा तास ऊन मिळतं का, तेही पाहा. सावलीत पानंच वाढतात. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारचं ऊन अडवा. युरिया बंद. कळ्या दिसू लागल्या की पंधरा दिवसांनी एकदा 13:0:45 हे पाण्यात विरघळणारं खत (पोटॅशियम नायट्रेट) लिटरला 2 ग्रॅम.

प्रश्न : फूल कापायचं कसं? फुलदाणीत दुसऱ्याच दिवशी मान टाकतं. (पणजी)

उत्तर : झाडावर असताना कात्री लावूच नका, उरलेला देठ सडतो आणि ती सड क्राउनमध्ये उतरते. देठ बुडाशी धरून बाजूला वाकवा आणि हलका पीळ देऊन ओढा, अख्खा सुटून येतो. फुलाच्या मधल्या चकतीतली बाहेरची दोन-तीन वर्तुळं उमलली की फूल तयार. त्याआधी काढलेलं हमखास मान टाकतं. मग देठाचा खालचा कडक भाग दोन-तीन सेंटीमीटर कापून टाका, त्यातून पाणी चढत नाही. फुलदाणीत पाणी चार बोटंच ठेवा, कारण लवदार देठ खोल पाण्यात कुजतो, आणि ते रोज बदला.