नोकरी सांभाळून बुद्धिबळ: काळ्या सोंगट्यांनी ई४ ला कोणता बचाव शिकू?

खानापूरहून प्रश्न आहे: रोज जेमतेम अर्धा तास मिळतो, पांढऱ्यानं ई४ खेळलं (राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं) की सिसिलियन (उत्तर सी५) शिकू की फ्रेंच (उत्तर ई६)?

दोन्ही नको, कारो-कान बचाव (उत्तर सी६) घ्या. सिसिलियनला फाटे फार, पाठांतरच संपत नाही. फ्रेंच भक्कम, पण ई६ खेळताच सी८ चा उंट आपल्याच प्याद्यामागे कोंडतो. कारो आणि कान या खेळाडूंनी १८८६ मध्ये ज्याचं विश्लेषण केलं, त्या बचावात आधी सी६, मग डी५, उंट एफ५ वर बाहेर आणि ई६ त्यानंतर. पांढऱ्यानं ई५ रेटलं तरी उंट तिथंच.

एक जागा मात्र जपा. आपल्या डी५ च्या प्याद्यानं ई४ चं प्यादं मारल्यावर पांढरा घोड्यानं परत मारतो, आपला उंट एफ५ वर येतो, मग तोच घोडा जी३ वर येऊन उंटाला हुसकावतो. उंट जी६ वर गेला की समोरून एच४ येतं. लगेच एच६ खेळा! टिळकवाडीत आमच्याकडं येणारी पोरं इथं दुसरंच काहीतरी खेळतात, एच५ येतं आणि उंटाला पळायला घरच उरत नाही. बघताना जीव हळहळतो.

पांढऱ्याची पहिली चाल डी४ (वजिरापुढचं प्यादं) आली तर स्लाव्ह बचाव खेळा, तिथंही सी६-डी५ च. आणि माजी जगज्जेता कारपोव्हचे कारो-कानचे डाव पटावर मांडून बघा, मोबाइलवर नको.