वडिलांच्या पेंटॅक्स के-१००० कॅमेऱ्याचा रोल पुढे सरकवायचा लिव्हर अर्ध्यात अडकतो. दुकानदार म्हणतो गिअर गेलाय. घरी उघडून दुरुस्त करता येईल का?

गिअर गेलेला नाही. कॅमेरा हातात न घेता सांगतोय, तरी पैज लावतो. के-१००० चा लिव्हर अडकला म्हणून दुकानात गेलं की पहिलं वाक्य हेच ऐकू येतं, "गिअर गेलाय, पार्ट मिळत नाही." नवे पार्ट मिळत नाहीत हे खरंच, हा कॅमेरा १९९७ नंतर बनलेला नाही. पण गिअर गेलाय हे त्या माणसाने तळाची प्लेटसुद्धा न काढता ठरवलेलं असतं. मलाही एका ठिकाणी असंच ऐकवलं होतं आणि "करून देतो" म्हणून जी रक्कम सांगितली, तेवढ्यात दुसरा चालू कॅमेरा आला असता.

लिव्हर एकदा ओढला की बरीच कामं एकदम होतात. दातेरी स्प्रॉकेट फिरतं, रोल गुंडाळणारा स्पूल फिरतो, शटरचे कापडी पडदे ताणून बसतात, आरशाची यंत्रणा तयार होते. यातलं एक जरी अडलं तरी बोटाला जाणवतं ते लिव्हरपाशी. त्यामुळे सगळे लिव्हरलाच दोष देतात आणि त्याच्यावरच जोर काढतात.

जोर या विषयावर मला जरा बोलायचंय.

आमचा के-१००० काकांनी मस्कतहून आणलेला. चिपळूणला आत्येबहिणीचा साखरपुडा होता, फोटोग्राफरचा खर्च नको म्हणून फोटो काढायची जबाबदारी दादाकडे, म्हणजे काकांच्या मोठ्या मुलाकडे. रोल मी भरला होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढची सगळी रड यावरूनच आहे. अंगठ्या झाल्या, पेढे झाले, ओटी भरायला बसले आणि फोटो मोजणारा काउंटर ३६ वर येऊन लिव्हर मध्येच थांबला. मी म्हटलं, "दादा, रोल संपला. गुंडाळून घे." दादा म्हणाला, "छत्तीसच्या रोलवर अडतीस निघतात रे, तुला काय कळतं!" निघतात, कधी कधी. रोल भरताना सुरुवातीची पट्टी कमी वाया घालवली तर एखाददुसरा फोटो जास्त मिळतो. पण लिव्हर थांबला म्हणजे थांबला. याने अंगठा टेकवून रेटला. कर्रकन आवाज आला आणि लिव्हर पार शेवटपर्यंत गेला. "बघ!" म्हणाला.

आत काय झालं असणार ते आज मी डोळे मिटून सांगू शकतो. फिल्मचं शेवटचं टोक कॅसेटमधल्या दांडीला चिकटपट्टीने लावलेलं असतं. स्प्रॉकेटच्या दात्यांनी आधी दोनतीन छिद्रं फाडली आणि मग ती पट्टी सुटली. सगळी फिल्म आता कॅमेऱ्यातल्या स्पूलवर, कॅसेट रिकामी. दादाने कॅमेऱ्याच्या तळाचं बटण दाबून रोल मागे गुंडाळायला घेतला तर हँडल नुसतंच गरगर फिरायला लागलं, काही ओढच नाही. एवढं झाल्यावर तरी माणसाने थांबावं. याने "बघू काय झालंय" म्हणत मांडवाच्या तोंडाशी, भर उन्हात, मागचं झाकण उघडलं. साखरपुड्याचा एकही फोटो आला नाही. आत्या आजही बोलून दाखवते. आणि घरात ठरलं काय, तर मी रोल नीट भरला नव्हता.

नीट भरला नसता तर छत्तीस घरं पुढे सरकलीच नसती, हे साधं गणित कोणी ऐकून घेतलं नाही.

त्यानंतर कॅमेऱ्यात पुढचा रोल भरायला गेलो तर लिव्हर अर्ध्यात अडकला. तुमच्यासारखाच. मग तो कपाटात गेला आणि बरीच वर्षं तिथेच राहिला. वर सांगितलेल्या दुकानातून वैतागून परत आणल्यावर मी स्वतःच बसलो. मागचं झाकण उघडं ठेवून, लिव्हर अगदी हलक्या हाताने ओढत, टॉर्चने स्प्रॉकेट बघत गेलो. खालच्या टोकाशी, दाते संपतात तिथे, बॉडीच्या फटीत नखाएवढा तपकिरी तुकडा तिरका बसला होता. चिमट्याने काढला. फिल्मचाच होता, एका कडेला छिद्राचा गोलसर कोपरा स्वच्छ दिसत होता. लिव्हर सुटला.

काकूंनी तो वाया गेलेला रोल बिस्किटाच्या डब्यात ठेवला होता (आमच्या घरात काही फेकत नाहीत, यावर वेगळं उत्तर लिहिता येईल). फाटलेल्या कडेला तुकडा लावून बघितला, बसला. दादाला दाखवला तर म्हणतो, "कुठल्याही रोलचा असेल." त्या दिवसानंतर कॅमेऱ्यात दुसरा रोल सरकलेलाच नाही, आणि त्या दिवसापर्यंत लिव्हर लोण्यासारखा चालत होता. तरी कुठल्याही रोलचा!

असो. तुमचा कॅमेरा.

आत रोल असेल तर आधी तो सोडवा. काउंटर ३६ च्या आसपास असेल तर कदाचित बिघाड नाहीच, रोल संपलाय. खालचं बटण दाबा, मागे गुंडाळा. हँडलला ओढ लागत नसेल तर उजेडात झाकण उघडू नका. रात्री, खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये, वर जाड गोधडी घेऊन उघडा आणि फिल्म चाचपडत काळ्या डबीत भरा. लाल दिवा चालतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. लाल दिवा कृष्णधवल कागदासाठी असतो, नेहमीच्या फिल्मवर त्याचाही उजेड उमटतो. डबीवर चिठ्ठी लावा, नाहीतर स्टुडिओवाला रोल धुवायच्या आधी झाकण उघडून बघेल.

रिकामा कॅमेरा असेल तर आधी फोटो काढायचं बटण दाबून बघा, शटर उडतंय का. पडदे आधीच ताणलेले असतील तर लिव्हर अडणारच, तो बिघाड नाही. मग डोळा लावून बघा. काळोख दिसला तर आरसा वर अडकलाय. के-१००० चा हा जुनाच आजार. दुसरा पडदा शेवटपर्यंत धावला की मगच आरसा खाली येतो आणि लिव्हर मोकळा होतो. जुनं ग्रीस सुकून चिकट झालं की पडदा शेवटी शेवटी रेंगाळतो आणि सगळं तिथेच थिजतं. माझ्या कॅमेऱ्यात तो तुकडा निघाल्यावर हाही आजार निघाला. तळाची प्लेट काढून, व्हाइट पेट्रोलमध्ये किंचित भिजवलेल्या काडीने गिअरच्या कडा आणि आसांवरची घाण पुसून काढली, पुन्हा पुन्हा लिव्हर ओढून शटर उडवलं, तेव्हा तो सुटला.

तेल घालू नका. "शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोड" हा सल्लाही दादाचाच होता. ते तेल पसरत पसरत पडद्यांपर्यंत जातं, त्यावर धूळ बसते आणि वर्षभरात आधीपेक्षा वाईट अवस्था होते. लागलंच तर सुईच्या टोकावर मावेल एवढं, फक्त आसाला. स्प्रेचा डबा तर कॅमेऱ्याच्या खोलीतही आणू नका.

स्क्रूबद्दल एक सांगतो. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, पद्धतीचे असतात. आपला नेहमीचा फिलिप्सचा पेचकस त्यात बसल्यासारखा वाटतो, पण घट्ट स्क्रूवर सटकतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएसचा पेचकस ऑनलाइन मिळतो, तो येईपर्यंत प्लेटला हात लावू नका. वरची बाजू, म्हणजे लिव्हरची टोपी आणि काउंटर, उघडायच्या भानगडीत पहिल्या वेळी पडू नका. तिथल्या स्प्रिंगा उडाल्या की सोफ्याखाली सापडतात, किंवा सापडत नाहीत.

हे सगळं के-१००० सारख्या निव्वळ यांत्रिक कॅमेऱ्याला लागू. यात सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरसाठी असतो. हाच प्रश्न कॅनन एई-१ बद्दल असता तर मी आधी सेल बदला म्हटलं असतं, कारण त्यात सेल संपला की शटर उडत नाही आणि लिव्हर तसाच अडकून बसतो. आणि आत फ्लॅश असलेला छोटा कॅमेरा घरी अजिबात उघडू नका. त्याचा कपॅसिटर सेल काढल्यावरही झटका देतो, चांगला जोरात.

लिव्हर फुकट फिरतो, दातच पकडत नाहीत, असं असेल तर मात्र मी पैज हरलो समजा आणि चांगल्या माणसाकडे जा. मुंबईत असाल तर फोर्टात बोरा बाजार स्ट्रीटच्या बाजूला चौकशी करा. प्लेट तुमच्यासमोर काढायला सांगा. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात.

लिव्हर अडकतो तेव्हा डोळा लावल्यावर चित्र दिसतं की काळोख, आणि आत रोल आहे का, हे दोन्ही खाली लिहा. त्याशिवाय याहून पुढचं सांगता येणार नाही.