सार्क सोडून दुबई का? उत्तर आपल्या गोठ्यात आहे

भावा, तुझा प्रश्न असा की सार्क (दक्षिण आशियाई देशांची संघटना) पडून आहे, आरसेपमधून (आशिया-पॅसिफिक देशांचा मोठा व्यापार करार) आपण बाहेर आलो आणि करार करतोय दुबई (म्हणजे संयुक्त अरब अमिराती), ऑस्ट्रेलिया, ब्रिटनशी; मग शेजारी नकोसे झालेत का?

तसं नाही. सार्कच्या सनदेतच आहे की सगळे निर्णय एकमतानं व्हायचे. भारत-पाकिस्तानचं बिनसलं की सगळंच अडतं. 2014 च्या काठमांडूनंतर शिखर परिषद झालेलीच नाही. 2019 मध्ये पुलवामानंतर आपण पाकिस्तानी मालावर 200 टक्के शुल्क लावलं, ऑगस्टमध्ये त्यांनी व्यापारच थांबवला. श्रीलंकेशी मात्र 2000 पासून वेगळा करार चालू आहे. बिमस्टेकवर (बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांचा गट) फार भिस्त ठेवू नकोस. मुक्त व्यापाराचा आराखडा 2004 चा, करार अजून व्हायचाय.

आरसेपचं नीट समजून घे. नोव्हेंबर 2019 मध्ये बाकीचे 15 देश तयार असताना आपण उठलो. चीनच्या मालाची भीती होतीच, पण आपल्या जिल्ह्यात बोलणं चाललं होतं न्यूझीलंडच्या दूध पावडरीचं. तो देश आपलं बहुतेक दूध बाहेरच विकतो. इथं दोन म्हशी, एक गाय असलेल्या घराचा किराणा आणि पोरांची फी दर दहा दिवसांच्या दूधबिलावर चालते. पावडरीचा भाव पडला की संस्थेत गायीच्या दुधाचा दर उतरतो, हे आयात नसतानाही आपण सोसलंय. म्हणून तो निर्णय मला तेव्हाही पटला, आजही पटतो.

दोघांच्या करारात एखादी गोष्ट बाहेर ठेवायची म्हणून अडून बसता येतं. 2022 चा ऑस्ट्रेलियाचा करार बघ, 2025 ला सही झालेला ब्रिटनचा बघ. दोन्हींत दूध वगळलंय. सोळा जणांत असं अडून बसणं फार जड जातं. धोरण वळलं त्यामागं माझ्या मते हे मोठं कारण आहे. (तोटाही आहे: पूर्वेकडच्या देशांत सुटे भाग एकमेकांकडं फिरतात, त्या साखळीत आपली फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, कडेला राहते.)

आता तुझ्या कामाचं, दुबईला कास्टिंग (ओतीव माल) पाठवण्याचं. दुबईचा करार 1 मे 2022 पासून लागू आहे, पण सवलत आपोआप मिळत नाही. ओरिजिन सर्टिफिकेट (माल भारतातला असल्याचा दाखला) मालासोबत लागतं. आमच्या पहिल्या खेपेला एजंटानं ते काढलंच नव्हतं; गिऱ्हाइकाला पूर्ण शुल्क बसलं आणि पुढची ऑर्डर गेली. त्या दाखल्यासाठी बिडाचं स्क्रॅप कुठून घेतोस त्याची बिलं आत्तापासून जपून ठेव.

कास्टिंगचा एचएस कोड (कस्टमच्या वर्गवारीतला मालाचा क्रमांक) इथं टाक, शुल्क किती सुटतं ते बघून सांगतो.