एफ 450 ड्रोनवर दुसरी बॅटरी: वायर थेट बोर्डाला सोल्डर करायची का?

तुमचा सेटअप मी असा समजलो: चार मोटारींच्या ड्रोनची एफ 450 फ्रेम, 2212 मापाच्या 920 केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला 920 फेरे) मोटारी, 10 इंची प्रोपेलर, 30 अँपिअरचे ईएससी (मोटारींचा वेग सांभाळणारी सर्किटं), उड्डाण सांभाळणारा एपीएम कंट्रोलर आणि एक 3एस (तीन सेलची) 2200 एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. सहा-सात मिनिटांत उतरवावं लागतं, म्हणून तशीच दुसरी बॅटरी लावायची आहे. तिच्या वायरी खालच्या प्लेटवरच्या (हीच वीज वाटणारा बोर्ड आहे) मोकळ्या पॅडवर थेट सोल्डर करायच्या आणि कॅमेरा व व्हिडिओ ट्रान्समीटरही तिथूनच चालवायचा, असा तुमचा विचार आहे.

दुसरी बॅटरी जरूर लावा, पण तिच्या वायरी बोर्डाला सोल्डर करू नका. दोन्ही बॅटऱ्या पॉवर मॉड्यूलच्या अलीकडेच, म्हणजे बॅटरीच्या बाजूला, वाय हार्नेसने (दोन फांद्या आणि एक खोड अशा वाय आकाराच्या वायरीने) एकत्र आणा आणि बोर्डावर आज आहे ती एकच जोडी राहू द्या.

याचं मुख्य कारण ते पॉवर मॉड्यूलच आहे. बॅटरी आणि बोर्ड यांच्यामध्ये तुम्ही जे छोटं मॉड्यूल लावलंय, त्यातून जाणारा करंटच एपीएमला कळतो. दुसरी बॅटरी थेट पॅडवर आली की तिचा करंट मॉड्यूलला वळसा घालून मोटारींकडे जाणार. मोटारी 18 अँपिअर घेत असतील तेव्हा कंट्रोलरला 9 च दिसतील आणि किती एमएएच वापरले हा आकडा निम्मा येईल. त्या आकड्यावर फेलसेफ (बॅटरी संपत आली की ड्रोन आपोआप उतरवणारी सोय) लावलेला असेल तर तो वेळेवर येणारच नाही. हार्नेस मॉड्यूलच्या अलीकडे असला की सगळा करंट मोजला जातो आणि तुम्हाला फक्त बॅट कपॅसिटी हा पॅरामीटर 4400 करावा लागतो. व्होल्टेजचा फेलसेफ 10.5 वर, म्हणजे सेलमागे 3.5 वर, ठेवा. तो दोन बॅटऱ्यांनाही तसाच लागू आहे.

दुसरं कारण हातांच्या सुरक्षिततेचं. नेहमीची बॅटरी काढली की ड्रोन मेला, अशी आपल्या हातांना सवय असते. बोर्डाला दुसरी बॅटरी लागलेली असेल तर ड्रोन जिवंतच राहतो, आणि प्रोपेलर बसवलेले असतात. शिवाय काढलेल्या कनेक्टरच्या मोकळ्या पिनांवर दुसऱ्या बॅटरीचे 12 व्होल्ट येत राहतात. हे वाय हार्नेसमध्येही होतं, म्हणून मोकळ्या एक्सटी60 साठी (बॅटरीच्या कनेक्टरसाठी) रबरी टोपी जवळ ठेवा आणि एक काढली की लगेच दुसरीही काढा.

आता अपेक्षा किती ठेवायची ते सांगतो, कारण दुप्पट बॅटरी म्हणजे दुप्पट वेळ असं होत नाही. तुमचा ड्रोन आत्ता 1.2 किलोच्या आसपास असेल आणि हॉवरला (हवेत एका जागी थांबायला) साधारण 15 अँपिअर घेत असेल. 2200 पैकी 80 टक्के, म्हणजे 1760 एमएएच वापरले तर सात मिनिटं. तुमचा अनुभवही तोच आहे. दुसरी बॅटरी वायरीसकट 200 ग्रॅम वाढवते. हॉवरला लागणारी पॉवर वजनाच्या दीडव्या घातानं वाढते, म्हणजे 1.2 चे 1.4 किलो झाले की पॉवर सुमारे 26 टक्के वाढते. 15 चे 19 अँपिअर झाले. 3520 एमएएच भागिले 19 अँपिअर म्हणजे अकरा मिनिटं. चार मिनिटं जास्त मिळतात, आणि माझ्या मते तेवढ्यासाठी हे करणं योग्य आहे. पण तिसरी बॅटरी लावायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. डीजेआयनं या फ्रेमसाठी टेकऑफ वजन 800 ते 1600 ग्रॅम दिलंय. त्याच्या वरच्या टोकाला गेलात की वाऱ्यात सावरायला मोटारींकडे काही शिल्लक राहत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक जुनी बॅटरी आणि एक नवी अशी जोडी लावणार असं तुम्ही लिहिलंय. तसं करू नका. समांतर जोडलेल्या बॅटऱ्या आपापल्या आतल्या रोधाप्रमाणे भार वाटून घेतात. जुनीचा रोध वाढलेला असतो, त्यामुळे नवी जास्त राबते, आणि उतरल्यावर थ्रॉटल शून्य केलं की नवी आणि जुनी एकमेकींत करंट ढकलत बसतात. एकाच बनावटीच्या, एकाच क्षमतेच्या, एकदमच घेतलेल्या दोन बॅटऱ्या घ्या, त्यांना 1 आणि 2 असे नंबर टाका आणि कायम जोडीनंच वापरा. जुनी टेबलावर ट्यूनिंगसाठी राहू दे.

जोडण्याआधी दोन्हींचं व्होल्टेज मोजायचं. दर वेळी, अगदी आत्ताच चार्ज केल्या असल्या तरी. कारण आकड्यांत बघा: एक पूर्ण भरलेली 12.6 वर आणि दुसरी अर्धी वापरलेली 11.4 वर, फरक 1.2 व्होल्टचा. प्रत्येक बॅटरीचा आतला रोध 15 मिलिओम धरला, वायरी आणि कनेक्टरचे 5 धरले, तर एकूण 35 मिलिओम. 1.2 भागिले 0.035 म्हणजे 34 अँपिअर. ज्या बॅटरीला चार्जरवर आपण 2.2 अँपिअरच्या वर देत नाही, तिच्यात कनेक्टर लावताक्षणी पंधरापट करंट घुसतो. लायपो फुगते ती अशानं, आणि पेटते तीही. फरक 0.1 व्होल्टच्या आत असेल तर तोच हिशेब 3 अँपिअरपर्यंत येतो आणि काही सेकंदांत निवतो. म्हणून 0.1 ही मर्यादा पाळा. दोन्ही 3एसच हव्यात हे सांगायला नको, तरी सांगतो: 2एस आणि 3एस समांतर कधीच नाही.

मधे डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) टाकला तर ही भानगड टळेल का, असंही तुम्ही विचारलंय. टळेल, पण शॉटकी डायोडवर 0.45 व्होल्टच्या आसपास पडतात. 19 अँपिअरला ती साडेआठ वॅटची नुसती उष्णता झाली, तिला हीट सिंक लागणार, त्याचं वजन वेगळं. तेवढ्यापेक्षा मल्टिमीटर लावणं सोपं आहे.

हार्नेससाठी सामान: पॉवर मॉड्यूलच्या बॅटरीकडच्या टोकाला आहे तसे दोन एक्सटी60, बॅटरीवर आहे तसा एक, फांद्यांसाठी 14 गेजची आणि खोडासाठी 12 गेजची सिलिकॉन वायर. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं मिळतं. वायर घेताना टोक सोलून एक तार ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. तिची वहनक्षमता कमी आणि सोल्डरही नीट धरत नाही. आतपर्यंत लालसर असेल तीच घ्या. सोल्डर 63/37 चं (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं), आतून फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून वापरतात तो पदार्थ) असलेलं. ते 183 अंशांना एकदम वितळतं आणि एकदम घट्ट होतं, मधली लिबलिबीत अवस्था नसते, त्यामुळे जड वायर हलून जोड बिघडायची शक्यता कमी होते. पत्र्याच्या कामाचं आम्लाचं फ्लक्स जवळही आणू नका, ते नंतर तांबं खात राहतं.

तुमच्याकडे 25 वॅटचं आयर्न आहे. सिग्नलच्या बारीक वायरींना ते छान आहे, इथे पुरणार नाही. जाड वायर उष्णता ओढून घेते, बिट (आयर्नचं टोक) गार पडतं, आणि मग आपण अर्धा मिनिट दाबून धरतो. तेवढ्यात एक्सटी60 चं नायलॉन मऊ होऊन पिना वाकड्या होतात. 60 वॅट किंवा जास्त, चपटं रुंद बिट, 380 ते 400 अंश. गरम आयर्न आणि कमी वेळ, हे जाड कामाचं सूत्र. सोल्डर करताना त्या कनेक्टरमध्ये त्याचा जोडीदार कनेक्टर खोचून ठेवा, म्हणजे प्लॅस्टिक मऊ झालं तरी पिना जागच्या हलत नाहीत.

जिथे तीन वायरी एकत्र येतात तो जोड नीट समजून घ्या, कारण हार्नेस तुटतो तो इथेच. तिन्ही टोकं दीड सेंटिमीटर सोला. हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) आधी वायरीवर सरकवून लांब नेऊन ठेवा. दोन्ही फांद्यांची टोकं खोडाच्या टोकावर आडवी ठेवून, वायरीतलीच एक बारीक तार काढून ती भोवती घट्ट गुंडाळा. जोड सोल्डरशिवायच ओढून बघितला तर सुटता कामा नये. मग फ्लक्स लावा, बिट खालून टेकवा आणि सोल्डर वरून, बिटाच्या विरुद्ध बाजूनं द्या. वायर पुरेशी तापली की सोल्डर आपोआप तारांमध्ये शोषलं जातं आणि चमकदार पातळ थर बसतो. तारांचा पीळ त्याखाली दिसत राहतो. तेवढं झालं की लगेच थांबा. जास्त वेळ धरलंत तर सोल्डर इन्सुलेशनखाली वर चढतं, वायर तिथे काडीसारखी कडक होते आणि मोटारींच्या कंपनानं पुढे तिथेच मोडते. प्लसचा आणि मायनसचा जोड समोरासमोर येऊ देऊ नका, दोन सेंटिमीटर मागेपुढे ठेवा. हीट श्रिंक दुहेरी. शेवटी केबल टायनं हार्नेस फ्रेमला बांधा, ताण जोडावर यायला नको.

फांद्यांची लांबी दोन्हींची सारखी आणि शक्य तितकी कमी. लांब वायरींमुळे ईएससीच्या दर स्विचिंगला व्होल्टेजचे झटके वाढतात. म्हणून बोर्डाच्या बॅटरी पॅडवर 25 किंवा 35 व्होल्टचा, 470 मायक्रोफॅरडचा लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर लावा. पट्टा असलेला पाय मायनसला.

कपॅसिटरसाठी बोर्डावर सोल्डर करणारच आहात, तर बॅटरीच्या वायरींचे पॅडही पुन्हा करा. तुमच्या फोटोत प्लसचा जोड राखाडी, दाणेदार, वर गोळा होऊन बसलेला दिसतोय. ते ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, आहे. त्याचं कारणही तेच आयर्न: एफ 450 ची खालची प्लेट स्वतःच पॉवर बोर्ड आहे, आत तांब्याचा मोठा थर पसरलेला असतो, तो सगळी उष्णता खाऊन टाकतो. बॅटऱ्या पूर्ण काढून लांब ठेवा, प्लेटजवळचे प्लॅस्टिकचे आर्म खोला, जुनं सोल्डर विकनं (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीनं) उचला, पॅडवर फ्लक्स आणि नवं सोल्डर देऊन आधी पॅड ओलं करा, मग टिनिंग केलेली (आधीच सोल्डर चढवलेली) वायर त्यावर टेकवून वरून बिट ठेवा. खालचं आणि वरचं सोल्डर एकजीव झालेलं डोळ्यांना दिसतं. बिट काढल्यावर पाचेक सेकंद वायर अजिबात हलवू नका. खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात साबणानं धुवा, सोल्डरमध्ये शिसं आहे.

कॅमेरा आणि ट्रान्समीटरबद्दल: वेगळी छोटी बॅटरी लावायची गरज नाही. हार्नेसनंतरच्या मुख्य सप्लायवरूनच, मधे एलसी फिल्टर (विजेतली गडबड गाळणारा भाग) टाकून, वीज घ्या. मोटारींमुळे विजेत होणाऱ्या गडबडीच्या आडव्या रेघा स्क्रीनवर आल्या तर त्यानं जातात. ट्रान्समीटर 3एसचे 12.6 व्होल्ट घेतो की नाही ते त्याच्यावर लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. वेगळी बॅटरी लावलीच, तर आणि ओएसडीही (व्हिडिओवर आकडे दाखवणारा भाग) असेल, तर दोन्हींचे मायनस एकत्र असायला हवेत, नाहीतर चित्र लोळतं.

बॅटरी पहिल्यांदा लावण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून प्लस-मायनस तपासा. क्षणभर बीप येऊन थांबली तर कपॅसिटर भरतोय, ठीक आहे. सलग वाजत राहिली तर शॉर्ट आहे. ध्रुवता हार्नेसच्या तिन्ही कनेक्टरांवर कोरलेल्या खुणांशी ताडून बघा. मग प्रोपेलर काढून, प्लसच्या वायरीत मोटारसायकलच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घेऊन एक बॅटरी लावा. बल्ब चमकून विझला किंवा मिणमिणला तर सगळं बरोबर. पूर्ण पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि बल्बमुळे करंट पावणेदोन अँपिअरवरच अडकल्यानं काहीही जळलेलं नसतं. तपासणी संपेपर्यंत मोटारी फिरवू नका, बल्बातून तेवढा करंट मिळणारच नाही.

बॅटऱ्या एकावर एक न ठेवता प्लेटच्या वर-खाली किंवा मध्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर बांधा आणि दोन बोटांवर उचलून तोल बघा. प्रत्येकीच्या बॅलन्स लीडला (सेलवार व्होल्टेज देणाऱ्या बारीक वायरींना) वेगळा व्होल्टेज बझर लावा. एखादा कनेक्टर उडताना सैल झाला तर सगळा भार दुसरीवर येतो, आणि तिचा बझर आधी ओरडतो.

पहिलं उड्डाण कंबरेइतक्या उंचीवर, दोन मिनिटांचं. उतरवून लगेच दोन्ही एक्सटी60 ना आणि तीन वायरींच्या जोडाला हात लावा. कोमट चालेल. एकच जागा चटका देत असेल तर तिथे ड्राय सोल्डर आहे, ते पुन्हा करा. मग पूर्ण उड्डाण करून दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या चार्ज करा आणि चार्जरनं प्रत्येकीत किती एमएएच भरले ते लिहून ठेवा. 1700 आणि 1650 असं आलं तर भार नीट वाटला जातोय. 1900 आणि 1400 आलं तर बॅटऱ्या हार्नेसवर अदलाबदल करून पुन्हा उडवा: कमी आकडा बॅटरीसोबत गेला तर बॅटरी थकलीय, हार्नेसच्या त्याच बाजूला राहिला तर त्या फांदीचा जोड उघडा. आकडे इथे टाका, मी बघतो.