नानांचा काचबिंदू, लाल डोळे आणि लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार, आम्ही रावेर तालुक्यातले केळीवाले. आमच्या नानांना (वय ६२) दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघालाय, डाव्या डोळ्याचं कडेचं दिसणं गेलंय, बांधावर चालताना ठेचकाळतात. गेलेली नजर परत येत नाही असं सांगितलंय, पण मोबाईलवर बघितलं की रक्तापासून लॅबमध्ये डोळ्याच्या पेशी बनवतात. नानांना ती ट्रीटमेंट मिळेल का? मुंबईला नेऊ, वेळ आली तर वावर विकू. डोळ्यातलं प्रेशर कमी करायच्या ड्रॉपने डोळे लाल होतात म्हणून नाना ते टाळतात, आणि मेडिकलमधून आणलेला दुसरा ड्रॉप टाकला की लाली लगेच जाते. त्या बाटलीचा फोटो सोबत पाठवलाय.

उत्तर : वावर विकायचं आधी डोक्यातून काढा. अशी ट्रीटमेंट आज कुठल्याच दवाखान्यात नाही, आणि पैसे घेऊन डोळ्यात स्टेम सेल (कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) सोडतो म्हणणारा भेटला तर त्याची पायरी चढू नका. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन बायकांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या आणि तिघींची नजर पार खालावली, २०१७ साली ते छापून आलं. त्यांना काचबिंदू नव्हता, डोळ्याच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा आजार होता, पण धोका तोच.

तुम्ही बघितलेलं काम मात्र खरं आहे आणि मला त्याचं फार अप्रूप आहे. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या साध्या पेशी मागे नेऊन स्टेम सेलसारख्या केल्या, २०१२ ला त्यांना नोबेल मिळालं. आता पेशंटचं थोडं रक्त किंवा कातडी घेऊन त्यातून रेटिनाच्या गँगलियन पेशी तयार करता येतात, म्हणजे काचबिंदूत मरतात त्याच, ज्यांच्या तंतूंची मिळून डोळ्याची नस बनते. जिवंत माणसाची डोळ्याची नस कापून तपासता येत नाही आणि उंदराच्या डोळ्याची रचना आपल्यासारखी नाही, म्हणून हे लागतं. काही घराण्यांत ऑप्टिन्युरिन नावाच्या जीनमध्ये (जनुकामध्ये) बिघाड असतो, प्रेशर नॉर्मल असूनही नस वाळत जाते, अशा पेशंटच्या पेशी डिशमध्ये वाढवल्या की बिघाड तिथेच दिसतो आणि औषधं त्यांच्यावर टाकून बघता येतात. पण डिशमधल्या पेशीला रक्तपुरवठा नाही, मेंदूशी जोडणी नाही, त्यामुळे महिने गेले की गँगलियन पेशी मरायला लागतात. एका डोळ्यातून मेंदूकडे दहा लाखांच्या वर तंतू जातात, ते नव्याने जागच्या जागी जोडणं अजून कोणालाच जमलेलं नाही.

आता त्या फोटोकडे येतो, कारण मला खरी काळजी त्याची वाटली. लेबलवर डेक्सामेथासोन लिहिलंय, ते स्टेरॉइड आहे. डोळ्यातलं पाणी ज्या बारीक जाळीतून बाहेर जातं ती जाळी तुमच्या ठिबकच्या फिल्टरसारखी समजा, तुंबली की मागे प्रेशर चढतं. नेत्रदानातून मिळालेल्या डोळ्यांतल्या या जाळीच्या पेशी लॅबमध्ये वाढवून त्यांच्यावर हेच डेक्सामेथासोन टाकून बघितलंय, पेशी ताठर होतात, आजूबाजूला नको तो चिकट माल साचवतात आणि मायोसिलिन नावाचं प्रोटीन भरमसाट बनवतात, ज्याच्या जीनमधला बिघाड काही घराण्यांत काचबिंदू आणतो हे १९९७ ला कळलं. सगळ्यांचंच प्रेशर स्टेरॉइडने वाढतं असं नाही, पण आधीच काचबिंदू असलेल्यांचं वाढायची भीती जास्त, आणि दुखत नाही, कळत नाही, वरून लाली गेली म्हणून माणूस खुश! ती बाटली घेऊन याच आठवड्यात नानांच्या डॉक्टरांकडे जा, किती महिने टाकली ते खरं सांगा आणि प्रेशर मोजून घ्या.

प्रेशरचा ड्रॉप मनाने बंद करू नका. काचबिंदूच्या बऱ्याच ड्रॉपने डोळे लाल होतात, ते डॉक्टरांना सांगितलं की बदलून मिळतात, नानांना दमा असेल तर तेही सांगा कारण मग टिमोलॉल हा काचबिंदूचा ड्रॉप चालत नाही. उरलेली नजर याच थेंबांवर टिकणार आहे.

आणि तुम्ही, तुमची भावंडं, नानांचे भाऊ-बहिणी, चाळिशीच्या पुढचे सगळे एकदा प्रेशर आणि नस तपासून घ्या, हा आजार घराण्यात चालतो. केळीच्या कापणीनंतर बघू असं नको. दोन ड्रॉप लिहून दिले तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, आणि थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलका दाबून धरायला नानांना शिकवा.