वरिष्ठ म्हणतात, 'किरकोळ बदल आहे, ड्रॉइंगवर सही कर.' गणित तपासलेलं नसताना सही करावी का?

नाही. 'किरकोळ' या शब्दाचीच मला जास्त भीती वाटते.

अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलात लोकांनी चालायचे दोन पूल छतापासून एकाखाली एक टांगलेले होते. मूळ आराखड्यात छतापासून खालच्या पुलापर्यंत एकच सलग सळई होती. जोडणीला सोपं जावं म्हणून एकीच्या दोन केल्या: छतापासून वरच्या पुलापर्यंत एक, आणि वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत दुसरी. कागदावर फरक बोटभर. पण आता खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला लटकला आणि तिथल्या नटवरचा भार दुप्पट झाला. हा बदल नव्याने गणित न करताच मंजूर झाला. (मूळ जोडही नियमाला पुरेसा नव्हताच, ते वेगळं.) १७ जुलै १९८१ ला पूल कोसळले, ११४ माणसं गेली. जबाबदार इंजिनियरांचे परवाने रद्द झाले. जोड बदलायची कल्पना त्यांची नव्हती, सही मात्र त्यांची होती.

तेव्हा वरिष्ठांशी वाद घालत बसू नका. 'हा जोड तपासायला दोन दिवस लागतील, तोवर सही करता येणार नाही' असं ईमेलवर लिहा. तोंडी बोलणं नंतर कुणालाच आठवत नाही. शंका आकड्यात मांडा. 'मला बरोबर वाटत नाही' हे कुणीही उडवून लावतं. तरीही दबाव आलाच तर सही दुसऱ्या कुणाला करू द्या, आणि तुमची हरकत फायलीत राहील एवढं बघा. वापरणाऱ्यांच्या जिवाला धोका दिसत असेल तर मात्र तेवढ्यावर थांबू नका, आणखी वर जा. नोकरीवर बेतू शकतं, हे खरंच आहे.