कुंडीतली लीकची रोपं: दोन महिने गवतच दिसतं, म्हणून काढून टाकू नका

मागच्या अंकात मी जाता जाता एवढंच लिहिलं होतं की लीक (कांद्याच्या कुळातली, लांब पांढऱ्या दांड्याची भाजी) थेट वाफ्यात पेरू नका, आधी कुंडीत रोपं करा आणि मग लावा. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं पूर्ण सदर लीकलाच देतेय. काही पत्रांत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत होता, ते एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, आधी कुंडीत पेरा, मग उपटा, मग परत लावा, हे दुप्पट काम कशाला? बी सरळ जमिनीत टाकलं तर काय बिघडतं?

बिघडत काही नाही, उगवतं, पण दोन गोष्टींत मार खाता. एक म्हणजे लीक फार म्हणजे फार हळू वाढतं, पेरल्यापासून लावण्याजोगं रोप व्हायला ८ ते १२ आठवडे जातात आणि तोपर्यंत ते दिसायला अगदी गवताच्या काडीसारखं असतं, त्यामुळे वाफ्यात तण आलं की कुठलं तण आणि कुठलं लीक हे खुरपताना कळतच नाही आणि अर्धी रोपं तणाबरोबर निघून जातात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. लीकचा आपल्याला हवा असतो तो पांढरा दांडा, आणि दांडा पांढरा राहतो कारण त्याच्यापर्यंत उजेड पोचत नाही. कांद्यासारखा गड्डा लीक धरत नाही, पानांचे बुडखे एकात एक गुंडाळून जो दांडा होतो तेवढंच पीक. बी १ सेंटिमीटरवर पेरलं तर दांडा सगळा जमिनीच्या वर येणार, मग पुढे महिनोन्महिने मातीची भर देत बसा. कुंडीतलं लांब रोप एकदाच १५ सेंटिमीटर खोल सोडलं की तेवढा भाग आपोआप अंधारात जातो. हे दुप्पट काम नाही हो, याच कामात पुढचं निम्मं काम होऊन जातं.

प्रश्न: कुंडी केवढी घ्यायची? माझ्याकडे रोपांचे उथळ ट्रे आहेत, त्यात चालेल का? आणि माती कुठली, बी किती खोल?

उथळ ट्रेमध्ये उगवेल, पण तीन-चार आठवड्यांत मुळं तळाला टेकतात आणि रोप तिथेच थांबतं. लीकची मुळं पांढरी, जाडसर दोऱ्यासारखी, फारशी फांद्या न फुटणारी असतात, ती सरळ खाली जातात. म्हणून रुंदीपेक्षा खोली बघा. निदान १५ सेंटिमीटर खोल कुंडी हवी, त्याहून खोल असेल तर उत्तमच. २० सेंटिमीटर व्यासाच्या एका कुंडीत ३०-४० रोपं आरामात होतात, बिया दोन-अडीच सेंटिमीटरच्या अंतराने टाका. मूठभर बी फेकून दिलं की नंतर विरळणी करताना जीव तुटतो म्हणून आपण ती करतच नाही आणि मग सगळीच रोपं किडकिडीत राहतात, हे माझ्याकडे बरेचदा झालंय.

माती म्हणाल तर भुसभुशीत आणि निचऱ्याची, बस. कोकोपीट आणि चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट अर्धं-अर्धं, त्यात थोडी जाड वाळू. अर्धवट कुजलेलं शेणखत नको, कोवळ्या मुळांना ते झेपत नाही. बी १ ते दीड सेंटिमीटर खोल, वर बारीक मातीचा थर, हाताने हलकं दाबा आणि बारीक छिद्रांच्या झारीने पाणी द्या. वरचा थर सुकू नये म्हणून कागद झाकला तरी चालतो, फक्त पहिलं रोप दिसलं की त्याच दिवशी कागद काढायचा, एक दिवससुद्धा उशीर नको.

ज्यांच्याकडे कप्प्यांचे खोल ट्रे आहेत त्यांनी एका कप्प्यात ४-५ बिया टाकून तो अख्खा पुंजका न सोडवता तसाच लावला तरी चालतं. दांडे थोडे बारीक होतात पण रोपं वेगळी करायची कटकट वाचते.

प्रश्न: पेरून १८ दिवस झाले, कुंडीत काहीही नाही. बी दोन वर्षांपूर्वीच्या पाकिटातलं आहे. अजून वाट बघू का?

तीन आठवडे पूर्ण होऊ द्या. १८ ते २१ अंश तापमानात लीक साधारण १० ते १४ दिवसांत उगवतं, गारठा असेल तर आणखी वेळ घेतं. आणि उलटंही आहे, कुंडीतली माती ३० अंशांच्या वर तापत असेल तर उगवण चांगलीच घटते, तेव्हा बी उगवेपर्यंत कुंडी सावलीत ठेवा. पण तुमच्या बाबतीत मला बियाचीच शंका येतेय. कांदा, लीक या कुळातलं बी लवकर मरतं, पहिल्या वर्षी भरभरून उगवतं, दुसऱ्या वर्षी कमी आणि तिसऱ्या वर्षी भरवसा नाही, त्यातून पाकीट दमट जागी राहिलं असेल तर संपलंच. उरलेल्यातल्या १० बिया ओल्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, दोन आठवड्यांत ५-६ना मोड आले तर बी ठीक आहे, दाट पेरा. एक-दोनच फुटले तर नवीन बी आणा, उगाच महिना घालवू नका.

आणि उगवताना ते कसं दिसतं हे माहीत असू द्या, कारण पहिल्यांदा बघणारा फसतो. सरळ कोंब येत नाही, केसाच्या पिनेसारखी दुमडलेली हिरवी कमान मातीतून वर येते, मग तिचं एक टोक सुटून सरळ होतं आणि त्या टोकावर काळ्या बियाचं टरफल कित्येक दिवस टोपीसारखं अडकून राहतं. ते हाताने काढायला जाऊ नका, टोक तुटतं. आपोआप गळतं.

प्रश्न: रोपं ५ आठवड्यांची झालीत, दोऱ्यासारखी बारीक आहेत, सगळी एका बाजूला लोळतायत. त्यातली काही तर बुडाशी काळपट बारीक होऊन आडवीच झाली. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी देतेय तरी असं का?

ताई, तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात.

लोळणं हे लीकच्या रोपाचं थोडंफार चालतंच, पाचव्या आठवड्यात ती बारीकच असतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. एकाच बाजूला झुकत असतील तर उजेड कमी पडतोय, कुंडी खिडकीतून बाहेर काढा, निदान ५-६ तास ऊन मिळू द्या, नाहीतर रोज कुंडी फिरवा. पानं फारच लांब होऊन एकमेकांत गुंतली असतील तर कात्रीने वरून छाटून १० सेंटिमीटरवर आणा, लीकला त्याने काही होत नाही, वाढ मधून होते.

बुडाशी काळी पडून कोसळणारी रोपं मात्र खरी काळजीची. ती रोपमर आहे, बुरशी आहे आणि तिला ओल हवी असते, ती तुम्ही दोन वेळ पाणी देऊन पुरवताय. पडलेली रोपं वाचणार नाहीत, ती आजूबाजूच्या चिमूटभर मातीसकट उचलून टाका. दोन-तीन दिवस पाणी बंद, कुंडी हवेशीर जागी, वरती कोरड्या वाळूचा पातळ थर. त्यानंतर वरून पाणी देणं सोडा, कुंडी पाण्याच्या ताटलीत १५-२० मिनिटं ठेवायची, वरची माती गडद दिसायला लागली की काढायची. पुढचं पाणी कधी? बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तर द्या, ओलं लागलं तर नाही. बस, दुसरा नियम नको.

राहिलेली रोपं सावरली की दर १०-१५ दिवसांनी गांडूळखताचं पाणी एकदम पातळ करून द्या, कुंडीतल्या मातीतलं अन्न या वयापर्यंत संपत आलेलं असतं.

प्रश्न: वाफ्यात नक्की कधी लावायची? आणि लावताना पानं-मुळं दोन्ही कापायची असं ऐकलं, ते खरं का?

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची होती, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं, घाईने. दिवस मोजू नका, रोप बघा. दांडा पेन्सिलीएवढा जाड आणि रोप २० सेंटिमीटरच्या आसपास उंच झालं की लावायचं. त्याआधी लावलेलं बारीक रोप १५ सेंटिमीटरच्या खड्ड्यात गेलं की त्याची पानं पण खाली जातात, वरून माती पडली की ते गुदमरतं. कुंडीत दोन आठवडे जास्त गेले तर काही बिघडत नाही, खत-पाणी चालू ठेवा.

रोपं आतापर्यंत आडोशाला वाढली असतील तर लावण्याआधी ७ ते १० दिवस त्यांना बाहेरची सवय करा, आधी तासभर ऊन, मग अर्धा दिवस, मग पूर्ण.

आदल्या रात्री कुंडी भरपूर भिजवा. सकाळी कुंडी आडवी करून अख्खा गोळा बाहेर काढा, ओढून उपटू नका. गोळा बादलीभर पाण्यात ठेवून हलक्या हाताने हलवा, माती सुटते आणि रोपं एकेक करून वेगळी होतात, मुळं तुटण्याचा तो आवाजसुद्धा येत नाही.

वाफ्यात वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, जाड काठीने १५ सेंटिमीटर खोल भोकं पाडा, भोक ४-५ सेंटिमीटर रुंद हवं, म्हणून काठी जरा गोल फिरवून काढा. दोन रोपांत १५ सेंटिमीटर, दोन ओळींत ३०. प्रत्येक भोकात एक रोप सोडा, मुळं तळाला टेकली पाहिजेत. आणि आता हात आवरायचा. भोक मातीने भरायचं नाही! फक्त पाणी ओतायचं, भोक काठोकाठ भरेल एवढं. पाण्याबरोबर थोडी माती वाहत जाऊन मुळांवर बसते आणि तेवढी पुरते. बाकीचं भोक पुढे पाणी देताना, खुरपताना हळूहळू भरत जातं आणि दांड्याला जाड व्हायला मोकळी जागा मिळते.

आता कापण्याचं. पानांची टोकं फार लांब असतील, जमिनीवर लोळणार असतील, तर थोडी कापा. मुळं कापायला माझा विरोध आहे. नवीन जागी रोप पाणी पिणार ते त्या मुळांनीच ना. भोकात सोडताना मुळं दुमडून वर येत असतील एवढी लांब असली तर फक्त टोकं कापा, त्यापलीकडे नको.

प्रश्न: रोपं भोकात सोडून नुसतं पाणी ओतून लावली, चार दिवस झाले, ती मान टाकून पडलीत आणि भोकं तशीच उघडी दिसतात. माती लोटून भरून टाकू का?

नका भरू, प्लीज. आठवडाभर ती अशीच मरगळलेली दिसतात, बाहेरचं एखादं पान पिवळंही पडतं. मधलं पान बघा, ते हिरवं आणि उभं असेल तर रोपाने जीव धरलाय. आत्ता वरून माती लोटली तर ती पानांच्या बेचक्यात शिरते आणि पीक काढल्यावर प्रत्येक थरात कचकच लागते, कितीही धुतलं तरी जात नाही. पहिले दोन आठवडे पाणी मात्र चुकवू नका.

प्रश्न: मागच्या वेळी लीकला मधूनच कडक दांडा आणि फुलाचा गोंडा आला. बी खराब होतं का?

बी नाही, थंडी. लीक द्विवार्षिक आहे, म्हणजे दुसऱ्या वर्षी फुलणारं, एक थंडी भोगली की त्याला वाटतं वर्ष संपलं आणि कांद्याला येतात तसे त्याला डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, येतात. रोप पेन्सिलीएवढं झाल्यावर बरेच दिवस १० अंशांच्या खाली राहिलं तर हे होतं, अगदी लहान रोपांना सहसा त्रास नाही. म्हणजे जाड झालेली रोपं कडाक्याच्या थंडीत उघड्यावर ठेवू नका. डेंगळा दिसला की तो लीक लगेच काढून घ्या, मधला दांडा लाकडासारखा व्हायच्या आत, बाहेरचे थर चांगले निघतात.

प्रश्न: ४० रोपं झाली, वाफ्यात जागा २५चीच. उरलेली टाकून देऊ?

अजिबात नाही. १० तरी परत त्याच कुंडीत दाटीने लावून ठेवा, वाफ्यातलं एखादं रोप मेलं की तिथे नांगा भरायला कामी येतात, महिनाभर सहज टिकतात. बाकीची पाच ओल्या कागदात गुंडाळून शेजारी द्या, दोन-तीन दिवस त्यांना काही होत नाही, फक्त देताना सांगा की भोक भरायचं नाही.